रत्नागिरीला चार दिवस: मुक्काम गावात करावा की गणपतीपुळ्याला?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत चार दिवस रत्नागिरीला जायचं ठरतंय (म्हणजे मी ठरवलंय, घरच्यांना अजून सांगायचंय). नाशिकहून निघणार, आम्ही चौघं, मी, नवरा, सात वर्षांचं कार्टं आणि सासूबाई. ज्याला त्याला विचारलं की एकच उत्तर, पुळ्याला रूम घ्या, समोर समुद्र, बाजूला देऊळ, संपला विषय, रत्नागिरीत काय ठेवलंय, जाताना दोन तासात उरकतं. पण मी थोडं वाचलं तर गावातच राजवाडा काय, किल्ला काय, टिळकांचं घर काय, बरंच दिसतंय, आणि पुळ्याला अंधार पडल्यावर करायचं काय हा मला प्रश्न आहे.

आता आमच्या घरच्या तऱ्हा सांगते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात पण पायऱ्या बघितल्या की "तुम्ही जाऊन या, मी बसते इथे". शिवाय त्या शाकाहारी आणि जिथे मासे तळतात तिथे पाणीसुद्धा पिणार नाहीत. मी आणि नवरा मात्र माशांसाठीच चाललोय असं धरून चाला. नवऱ्याला जुन्या वास्तू, किल्ले असलं सगळं लागतं. कार्ट्याला फक्त पाणी.

गाडी न्यावी का ट्रेन बघावी? मुंबई-गोवा हायवेबद्दल इतकं ऐकलंय की धास्ती घेतलीय. हॉटेलांची नावं नकोत, ती मी बघेन, कुठे राहायचं आणि काय सोडून द्यायचं तेवढं सांगा.

चाकरमानी:
पुळ्यालाच राहा हो. सासूबाई सोबत आहेत ना, मग देऊळ पायाशी असलेलं बरं, सकाळी उठून त्या एकट्यासुद्धा दर्शनाला जाऊन येतील, तुम्ही दोघं निवांत झोपा. स्वयंभू गणपती आहे, पश्चिमेला तोंड, देवळापासून समुद्र दोन पावलांवर, भरतीला तर अगदी जवळ येतो. डोंगरालाच देव मानतात म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालतात, ती साधारण एक किलोमीटर भरते, गुडघ्यांना झेपेल का ते तुम्ही बघा. दुपारी देवस्थानाचा खिचडीचा प्रसाद असतो तो चुकवू नका. मालगुंड तिथून दोन-तीन किलोमीटर, केशवसुतांचं घर आणि स्मारक आहे, कवितेची आवड असेल तर तासभर छान जातो, नसेल तरी ते कोकणी घर बघण्यासारखं आहे. एक दिवस रत्नागिरी करून या. पुरे झालं.

भाट्येखाडी:
वरचं वाचून हसू आलं. गाव दोन तासात उरकतं म्हणणारे सगळे थिबा पॅलेसच्या गेटवर सेल्फी काढून पुढे गेलेले असतात. मी इथलाच, जन्म इथला, त्यामुळे थोडं मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

ताई, तुम्ही तीन रात्री गावात काढा आणि पुळ्याला दिवसाचं जाऊन या. कारण सांगतो. गाव मध्यभागी पडतं, उत्तरेला आरे-वारे, पुळे, जयगड आणि दक्षिणेला भाट्ये, पावस, पूर्णगड, कशेळी. पुळ्याला राहिलात की दक्षिणेचं सगळं सुटतं, आणि माझ्या मते दक्षिण बाजूच जास्त सुंदर आहे, पण ते सांगितलं की पुळ्याचे लोक भांडायला येतात.

थिबा राजवाड्याला निदान दीड तास द्या. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढला आणि पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला. आधी भाड्याच्या बंगल्यांत होता, हा राजवाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं आणि १९१६ मध्ये तो गेलासुद्धा, म्हणजे हौसेने जेमतेम सहा वर्षं राहिला बिचारा. गंमत बघा, दिल्लीचा बादशहा नेऊन ठेवला रंगूनला आणि मंडालेचा राजा आणून ठेवला आमच्याकडे, लांब टाकायचा म्हटला की इंग्रजांना समुद्र ओलांडूनच टाकायचा असायचा. पुढे आमच्याच टिळकांना मंडालेला पाठवलं, टिळक मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा राजा टिळकांच्या जन्मगावी, दोघंही एकाच वेळी, १९०८ ते १४ धरा. तुमच्या मिस्टरांना हे तिथे उभं राहून सांगा, खूश होतील. इमारत जांभ्या दगडाची, वरची लाकडी कमान आणि रंगीत काचा बघा. खालच्या मजल्यावर मूर्ती वगैरे मांडल्यात, तेवढं सासूबाईंना जमेल, वर जायला जिना आहे. सरकारी म्युझियम आहे तेव्हा सोमवार सोडून जा. राजाची समाधी वेगळीकडे, शिवाजीनगरात, तिथे सहसा कोणी नसतं. राजवाड्याजवळ थिबा पॉइंट आहे तिथे संध्याकाळी बसा, काजळी नदी, भाट्याचा पूल आणि खाडीचं तोंड एका नजरेत येतं, आणि गाडी अगदी जवळ जाते म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न नाही.

टिळकांचं घर टिळक आळीत. १८५६ साली तिथे जन्मले. अर्धा तास पुरतो, पण अंगण, पडवी, कौलं, मागची विहीर असं आमच्याकडचं जुनं घर कसं असायचं ते नीट दिसतं. पतितपावन मंदिर गावातच, १९३१ चं, भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला आणि सावरकरांनी ते सगळ्या जातींना खुलं ठेवलं, सावरकर तेव्हा इथे स्थानबद्ध होते.

रत्नदुर्ग म्हणजे भगवतीचा किल्ला, त्यावर गाडी जाते. तीन बाजूंनी समुद्र. देवीचं देऊळ, बुरूज आणि पलीकडच्या टेकाडावर दीपगृह. सासूबाईंना देवळापर्यंत थोडं चढावं लागेल, तब्येत बघून ठरवा. बुरुजावरून खाली मिरकरवाडा बंदर दिसतं, मासेमारीच्या बोटी रांगेत लागलेल्या असतात. तुम्ही माशांसाठी येताय ना, मग त्या बंदरावर एकदा संध्याकाळी बोटी लागायच्या वेळेला चक्कर मारा. पाण्याने भरलेल्या जमिनीवर टोपल्या सरकवत आणतात, लिलाव बोलणाऱ्याचा शब्द कळायच्या आत माल उचललेला असतो, बायका तिथेच बसून कोळंबी निवडतात आणि एक डोळा लिलावावर. वास आहे, चिखल आहे, पांढरे बूट घालून जाऊ नका. सासूबाईंना तेवढा वेळ मांडवीवर बसवा.

मांडवीची वाळू काळी, तिकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. मुद्दाम पांढऱ्या समुद्रावर जाण्यात आता अर्थ नाही, समुद्राने किनारा खात खात आणलाय, बंधारा घातलाय. २०२० च्या निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज तिथेच येऊन रुतलं होतं, कितीतरी दिवस लोक तेच बघायला जायचे.

भटकभवानी:
भाट्येखाडी यांना शंभर टक्के अनुमोदन, फक्त एक, टिळकांच्या घराला अर्धा तास नाही, मुलगा सोबत असेल तर दहा मिनिटं. 🙂

ट्रेनचं मी सांगते. नाशिककरांना एक सोय आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, मंगला एक्स्प्रेस. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाते, नाशिकरोड, कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेवर शिरते आणि रत्नागिरीला थांबते. पहाटेच्या अवेळी नाशिकरोडला बसलात की दुपारपर्यंत रत्नागिरी, कुठेही गाडी बदलायला नको. लांबून येते तेव्हा लेट होऊ शकते, निघण्याआधी ॲपवर बघून घ्या. आणि रिझर्व्हेशन उघडल्या दिवशी करा, दिवसाचा प्रवास असल्यामुळे खिडकीतून बोगदे, पूल सगळं दिसतं, मुलगा वेडा होईल.

गाडीने यायचं तर नाशिकहून लांब पडतं. हायवेवर काही टप्पे झकास आणि मधूनच डायव्हर्जन, संगमेश्वर ते हातखंब्याच्या पट्ट्यात माझ्या मागच्या फेरीला धुळीने जीव नकोसा केला होता. गुडघे दुखणारं माणूस घेऊन दहा-बारा तास गाडीत नका बसवू. ट्रेनने या आणि इथे दिवसाची गाडी ठरवा. स्टेशन गावात नाही, कुवारबावला आहे, रिक्षा मिळतात, बसायच्या आधी पैसे ठरवून घ्या.

आता जेवण. सासूबाईंची काळजी करू नका, हा प्रदेश माशांसाठी प्रसिद्ध असला तरी शाकाहारी ब्राह्मणी खाणावळी गावातही आहेत आणि पुळे-मालगुंड भागात तर घराघरात जेवण मिळतं, आधी फोन करून सांगायचं किती माणसं ते. फेब्रुवारीत म्हणजे ओल्या काजूगरांची सुरुवात, उसळ मिळाली तर सोडू नका, महाग वाटेल पण ते गर काढायला बोटं सोलून निघतात, चीक भाजतो हाताला, तेव्हा घासाघीस नको. फणसाच्या कुयरीची भाजी, कुळथाचं पिठलं, आंबोळ्या, सोलकढी, मोदक. आणि तुमच्यासाठी सुरमई-पापलेट सगळेच विचारतात पण तुम्ही मांदेली, मुळे (शिंपल्यांचा प्रकार) आणि खाडीची कोळंबी विचारा. उपाय सोपा आहे, घरगुती शाकाहारी ठिकाणी राहायचं आणि एक वेळ तुम्ही दोघांनी बाहेर सटकायचं.

चाकरमानी:
बरं बरं, गाव जिंकलं. पण आरे-वारेचा रस्ता तरी नीट करा. निवळीवरून, म्हणजे आतल्या रस्त्याने, पुळ्याला जाणाऱ्यांची मला कीव येते, समुद्राकडेने जा, पंचवीस एक किलोमीटर फक्त. आरे सोडून चढावर आलात की एका वळणावर दोन्ही किनारे एकदम खाली दिसतात, मध्ये डोंगराची सोंड. तिथे सगळेच गाडी थांबवतात, पण वळणावर नको, पुढे जागा आहे तिथे लावा.

गोदाकाठ:
अरे वा, इतकं सगळं! मंगला एक्स्प्रेसचं खरंच डोक्यात नव्हतं. मुक्काम गावातच. आता मुलाचं सांगा. आरे-वारेला पाण्यात उतरलं तर चालतं का? फोटोत तर पाणी अगदी शांत दिसतंय.

भाट्येखाडी:
नाही. हे ठळक अक्षरात समजा. आरे-वारे बघायचं, वाळूत खेळायचं, पोहायचं नाही. गणपतीपुळ्यालाही तेच. दरवर्षी कोणी ना कोणी बुडून जातं, आणि जाणारे बहुतेक घाटावरचे, पोहता येणारे, तलावात पोहून तयार झालेले. तिथला किनारा उताराचा आहे, गुडघाभर पाण्यात उभे आहात असं वाटतं आणि लाट मागे फिरताना टाचेखालची वाळू सर्रकन निघून जाते, पाय ठेवायला जातो तिथे तळ नसतो. वरून पाणी शांत दिसतं त्याला काही अर्थ नाही, ओढ खाली असते. फेब्रुवारीत समुद्र त्यातल्या त्यात बरा, तरी नको.

मुलाला खेळवायला भाट्ये. गावाला लागून, लांबलचक सपाट पुळण, मागे सुरूचं बन, सासूबाईंना सावलीत बसता येईल, झरी विनायकाचं देऊळ जवळच. तिथेसुद्धा खाडीच्या तोंडाकडे, म्हणजे पुलाच्या बाजूला जायचं नाही, दुसऱ्या टोकाकडे सरका, आणि घोट्याच्या वर पाणी नको, हात धरून. सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी जा, वाळू रुंद होते, कुर्ल्या पळताना दिसतात.

सुकती कधी ते कसं कळणार, तर मोबाईल नको, कालनिर्णय पुरतं. आमच्याकडची जुनी रीत, तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच वेळेला दिवसा आणि रात्रीही. त्याच्या आधी-नंतर सहा तासांनी पूर्ण सुकती. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते म्हणून हा हिशोब बसतो. दोन्ही पक्षांना तोच, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. थोडं मागेपुढे होतं, पण फिरायला येणाऱ्याला भरपूर झालं. म्हणजे अष्टमीच्या आसपास आलात तर दुपारी बाराला सुकती, ऊन डोक्यावर, नुसती वाळू तापलेली. त्यापेक्षा तृतीया-चतुर्थी गाठा, सकाळी साडेआठ-नऊला सुकती, पोरगं खेळून दमेल, अकराला थिबा पॅलेस.

कातळवेडा:
उशिरा आलो पण मिस्टरांसाठी एक टाकतो. कोकणातली कातळशिल्पं. किल्ले सगळे बघतात. सड्यावरच्या (उघड्या कातळाच्या माळावरच्या) जांभ्यात कोरलेली माणसं, हत्ती, मासे, भौमितिक आकृत्या, किती जुनी यावर वाद आहेत पण हजारो वर्षांची हे नक्की, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. रत्नागिरीहून सोपं म्हणजे उक्षी, तिथे हत्ती आहे, भोवती कठडा बांधून बघायची नीट सोय केलीय. मोठं बघायचं तर कशेळीचा हत्ती, लांबीला अठरा मीटरच्या घरात, त्याच्या अंगातच बाकीचे प्राणी कोरलेत, जमिनीवर उभं राहून पटकन कळतच नाही आपण हत्तीच्या पोटावर उभे आहोत. म्हणूनच बूट घालून रेषांवर चालू नका. सकाळी आठच्या आत किंवा चारनंतर जा, तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी नुसता काळा कातळ दिसतो आणि लोक म्हणतात काहीच नाहीये.

कशेळीला गेलात की कनकादित्य. सूर्याचं देऊळ, आपल्याकडे तशी मोजकीच. सासूबाईंना आवडेल. तुमच्या तारखांमध्ये रथसप्तमी येत असेल तर तिथे मोठा उत्सव असतो, गर्दी चालत असेल तर त्या दिवशी, नसेल तर तो दिवस टाळून. तिथून देवघळी जवळ, वरून बघण्याचा कडा आहे, खाली उतरायच्या भानगडीत पडू नका, मुलाचा हात सोडू नका.

भटकभवानी:
त्याच वाटेवर पावस लागतं, स्वामी स्वरूपानंदांची समाधी. मी धार्मिक वगैरे नाही पण तिथली शांतता मला दरवेळी बरी वाटते. पुढे गणेशगुळे. गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला असं इकडे म्हणतात, म्हणजे आधी इथे होता मग रुसून की काय तिकडे गेला. सासूबाईंना पुळ्याच्या आधी गुळ्याला न्या, मूळ पत्ता बघून मग नवीन पत्त्यावर. गावखडीला कासवांची घरटी असतात, पिल्लं समुद्रात सोडतात, पण फेब्रुवारी म्हणजे थोडं लवकर, गावात विचारून बघा, मिळालं तर नशीब. पूर्णगड छोटासा आहे, मुचकुंदीच्या मुखावर, नवऱ्याला पाऊण तास द्या आणि तेवढ्यात तुम्ही खाली चहा घ्या.

गोदाकाठ:
तृतीया-चतुर्थी बघून तारखा बदलल्या, नवरा म्हणतोय लग्नाचा मुहूर्त काढतेयस का. 😄 पहिला दिवस पोचून मांडवी, दुसरा भाट्ये आणि गाव, तिसरा पावस-कशेळी, चौथा आरे-वारे करत पुळे आणि तिथूनच परत. मालगुंड बसेल त्यात? आणि जयगड? सासूबाईंना कळलं की आंबे मिळतील म्हणून त्या पिशव्या धुवून ठेवतायत.

चाकरमानी:
मालगुंड बसेल. जयगड सोडा. किल्ला छान आहे, खालून तवसाळला फेरीबोट जाते, गाडी बोटीत चढवून गुहागरला उतरता येतं, पण ते पुढच्या वेळी, गुहागर-वेळणेश्वरला जोडून.

आंब्याचं मात्र त्यांना आत्ताच सांगून टाका. फेब्रुवारीत आलेला आंबा म्हणजे अगदी पहिला, भाव ऐकून पिशवी परत घडी घालून ठेवतील. रस्त्यावर कोणी "रत्नागिरी हापूस" म्हणून स्वस्तात देत असेल तर तो कुठूनही आलेला असतो. आंब्याची साठं, फणसपोळी, कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, काजू हे घ्या.

भाट्येखाडी:
काजू पाकळी घेऊ नका, अख्खा घ्या आणि सालासकट मिळाला तर तो. आणि ताई, चौथ्या दिवशी पुळ्याहून थेट स्टेशन गाठायचं असेल तर परतीच्या गाडीच्या आधी तीन तास हातात ठेवा, आरे-वारेला थांबणारच तुम्ही परत. कुवारबावला जाताना गावात शिरायचं कारण नाही, ड्रायव्हरला सांगा बाहेरून घे.